सशाला लावलेलं लाल कार्ड

अण्णा, काल तुमच्या फोटोवरची माळ मी सशांना खायला घातली. चुकून खाली पडली आणि त्यांनी खाल्ली, असं काही नाही. स्टुलावर चढलो, माळ काढली, दोरा ओढून घेतला, अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत एकेक फूल लपवलं आणि वर सुकं गवत पसरलं. सध्या घरात तीन ससे आहेत. तिघांनी नाकं खुपसून, गवत उपसून, ट्रे उलटापालटा करून फुलं शोधली आणि एक पाकळी शिल्लक ठेवली नाही. काल तुमचं वर्षश्राद्ध होतं. झेंडू आईच्याच गॅलरीतल्या डब्यांतला, तिनेच सकाळी बसून ओवलेला. ती हात पुसत बाहेर आली, मोकळ्या फोटोकडे बघितलं, मग सशांकडे. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "दोरा काढलास का? लेकराच्या घशात अडकायचा." मग जरा वेळाने, "पुढच्या साली गुलाब लावू का डब्यात? चालतो का त्यांना गुलाब?" चालतो म्हटलं. आता तुम्हीच समजून घ्या, या घरात तुमच्या बाजूने कोण उरलंय ते.

तुम्हाला सांगायला पाहिजे, कारण तुम्ही गेलात तेव्हा यातलं काही नव्हतं. चिंचवडच्या त्याच दोन खोल्या आहेत. लोक गावाला निघाले की आपला ससा माझ्याकडे ठेवतात, आणि उरलेल्या दिवसांत मी सशांची खेळणी करून विकतो. हसू नका. तुम्ही हसत नव्हताच म्हणा. तुम्ही फक्त विचारायचात, "उपयोग काय?" चाकणच्या कंपनीत तुम्हाला लाइन लीडर केलं त्या वर्षी तुम्ही हा प्रश्न घरी घेऊन आलात, आणि त्याच्यासोबत पिवळ्या टेपचे रोल. कंपनीत जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारतात. ट्रॉली इथे, पाना तिथे, माणूस या पट्टीच्या अलीकडे. तुम्ही ते आपल्या फरशीवर मारलं. चपलांचा चौकोन, माठाचा चौकोन, माझ्या दप्तराचा चौकोन. आईच्या पायपुसण्याला सुद्धा चौकोन होता अण्णा. शेजारच्या भाभी दारात थबकायच्या आणि आईला विचारायच्या, "आम्ही कुठल्या डब्यात उभं राहायचं, बाई?" आई हसायची. तेव्हा मला वाटायचं तिला गंमत वाटते.

ससा मामाने आणला होता. पिंपरी कॅम्पातल्या पक्ष्यांच्या दुकानातून, खोक्याला भोकं पाडून, माझ्या वाढदिवसाला. पांढरा, लाल डोळ्यांचा, कान आतून अगदी गुलाबी. तुम्ही लगेच त्यालाही चौकोन मारून दिलात, खिडकीखाली, आणि त्यात जाळीचा पिंजरा. बाहेर काढायचा नाही. तो दिवसभर जाळी चावायचा, कट कट कट कट, आणि तुम्ही रात्रपाळी करून आलेले असायचात, त्यामुळे मला धपाटे पडायचे. जाळी तो चावायचा, मार मला. मग मला एक युक्ती सापडली. तुमचा टेपचा रोल संपला की आत पुठ्ठ्याचं कडं उरतं ना, ते मी घेतलं आणि त्यात सुकं गवत घट्ट कोंबलं, मध्ये मेथीच्या काड्या. ससा वेडा झाला. कडं लोळवायचा, पंजाने धरायचा, एकेक काडी ओढून काढायचा. कट कट बंद. तुम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपलात. मी वाट बघत बसलो होतो की उठल्यावर तुम्ही म्हणाल, वा रे पठ्ठ्या. तुम्ही उठलात, चौकोनाबाहेर सांडलेलं गवत बघितलं आणि कपाटातून लाल कार्ड आणलंत.

ते कार्डही कंपनीचंच. कारखान्यात जी वस्तू कामाची वाटत नाही तिला लाल कार्ड बांधतात, आठवडाभर ठेवतात, आणि ज्याला ती हवी असेल त्याने कार्डावर कारण लिहायचं. कारण नसलं तर वस्तू बाहेर. तुम्ही ते सुतळीने पिंजऱ्याला बांधलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत. "कारण लिही. पटलं तर राहील." तुम्ही रागावलेले पण नव्हतात. रागावला असतात तर मी पाय तरी धरले असते. मी आठवडाभर विचार केला. शाळेत, संडासात, जेवताना. माझं मराठी तेव्हा बरं होतं, गणितच कच्चं. आईला विचारलं तर ती पोळपाटाकडे बघत म्हणाली, "लिही काहीतरी, त्यांना पटेल असं." शेवटी मी लिहिलं, मला आवडतो. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "आवडतो हे कारण नाही. कारण म्हणजे उपयोग." दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर पिंजरा नव्हता. त्या चौकोनात गॅसची भरलेली टाकी ठेवली होती, बरोब्बर मधोमध.

मी जेवलो नाही तेव्हा तुम्ही सांगितलंत की कंपनीत माल आणणारे एक टेम्पोवाले आहेत, निघोजेचे, त्यांच्याकडे दिलाय. मोकळं रान आहे, मजेत आहे. आणि मी विश्वास ठेवला. मग मी दर आठवड्याला तसलं एक कडं करायला लागलो. कधी तुमच्या टेपचं, कधी किराणा दुकानदाराच्या चिकटपट्टीचं. मेथी, कोथिंबिरीचे देठ, पेरूची कोवळी पानं. शनिवारी ते तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवायचो. "त्याला द्या." तुम्ही न्यायचात. संध्याकाळी मी विचारायचो, खेळला का? "खेळला." आधी कुठली काडी काढली? "मेथीची." असं वर्षभर चाललं, अण्णा, आणि एकदाही तुमचा चेहरा हलला नाही.

नंतर मी सुटलो. दहावीत गणित राहिलं, तुम्ही आयटीआयचा फॉर्म आणलात, मी पळालो. कुठे कुठे फिरलो ते सांगत बसलो तर पानं पुरायची नाहीत. हिमाचलात एका हॉस्टेलात भांडी घासत होतो, तिथे मालकिणीचे ससे होते, ती त्यांना सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या टाकायची. तासन्‌तास साल सोलत बसायचे. आपल्याकडे लोक त्याच फांद्या ऑनलाइन मागवतात, आणि दारातल्या पेरूची काडी तेच काम करते हे कुणाला माहीत नाही. हां, तर तिथेच फोन आला की तुम्ही गेलात. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तुमचा फोटो भिंतीवर होता आणि आई मला पहिलं वाक्य काय बोलली असेल? "सरळ लागलाय का बघ रे."

सशाचा शोध घ्यायला मी गेलो नव्हतो. घरी पैसे पाहिजेत म्हणून चाकणला ठेकेदाराकडे हेल्पर लागलो होतो. तिथे चहाच्या टपरीवर एक म्हातारे टेम्पोवाले, गाडीवर 'निघोजे' रंगवलेलं, माझ्याकडे बघत राहिले. "तू लायनीवरच्या सायबांचा पोरगा व्हय? नाकावरनं वळखलं." मी दुसरं काही विचारलंच नाही. म्हटलं, काका, ससा किती दिवस होता? ते चहा फुंकत म्हणाले, "ससा व्हय. पोरांनी चार दिस लई खेळीवला. मंग सकाळच्या पारी कुत्र्यानं धरला. लगीच सांगितलं तुझ्या बापाला, म्हनलं चुकलं आमचं, जाळी नीट न्हवती. ते म्हनले, असू द्या. पोराला कळू देऊ नका."

"मग ती कडी? शनिवारची?"

"आनायचे की. म्हनायचे, पोरानं केलंय, टाकवत न्हाई, घाला कुनाला तरी. आमची शेळी व्हती. तिला लई गोडी लागली बघ. पुठ्ठ्यासकट खायाची."

टाकवत नाही म्हणे. ससा टाकवला तुम्हाला, पुठ्ठा टाकवला नाही. मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो, शिफ्ट सोडली, आणि त्या दिवसापासून मी तुमच्याशी मनात भांडतोय. कुत्र्याचा राग नाही, कुत्रा कुत्र्यासारखा वागला. टेम्पोवाल्यांचाही नाही. मला राग त्या मेथीच्या काडीचा आहे. मेलेल्या सशाने आधी कुठली काडी काढली हे तुम्ही दर शनिवारी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंत. नुसतं म्हणाला असतात, ससा गेला, पण तिथे एक शेळी आहे, तिला आवडतं, तर मी आठ दिवस रडलो असतो आणि मग शेळीसाठी केलं असतं. मोठी कडी केली असती. शेळीला मेथी नुसती कशाला, तिला बाभळीच्या शेंगा घातल्या असत्या.

म्हणून मी तुमच्यावर सूड उगवायचं ठरवलं, आणि ते जमतंय हळूहळू. चाकण सोडून पार्सलची डिलिव्हरी करत होतो तेव्हा रावेतला एका टॉवरमध्ये पार्सल द्यायला गेलो, तर दारातून तोच आवाज. कट कट कट कट. मी पार्सल हातात धरूनच आत डोकावलो. ताई म्हणाल्या, दादा, ओटीपी घ्या ना. मी म्हटलं, ताई, ससा आहे का? त्याला काम नाही हो काही. त्यांच्याच पार्सलचा पुठ्ठा मागून घेतला, दारात बसून नळी केली, आत गवत आणि किचनमधले कोथिंबिरीचे देठ. ससा गप्प. ताईंनी आणखी एक पुठ्ठा आणून दिला. त्या दिवशी चार पार्सलं उशिरा पोचली आणि मला नवा धंदा मिळाला. आता अंड्यांचे ट्रे, काथ्याच्या दोऱ्या, करवंट्या, पेरूच्या काड्या, फाडलेल्या कागदाने भरलेलं खोकं, त्यात तळाशी लपवलेला खाऊ. लोक विचारतात, याचा उपयोग काय? सगळे तुमच्यासारखंच विचारतात. मला आता सगळी कारणं येतात, अण्णा. सशाचे दात जन्मभर का वाढतात, गवत का चावावं लागतं, ताटात वाढलेल्यापेक्षा शोधून खाल्लेलं त्याला का मानवतं, कंटाळलेला ससा स्वतःचेच केस का उपटतो. तुमचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरेल एवढं येतं. रावेतच्या ताईंना सांगतो, पोराटोरांना सांगतो. तुम्हाला सांगणार नाही. तुमच्यासाठी माझ्याकडे तेच एक कारण आहे, जे तुम्ही नाकारलंत.

फरशीवरच्या पट्ट्या मी आणि आईने मिळून काढल्या. सशांनी टेप खाल्ली तर पोटात अडकते, हे निमित्त. आई उलथन्याने खरवडत होती आणि तिचा जोर बघून मला समजलं की भाभींच्या बोलण्यावर ती हसायची ते गंमत वाटून नव्हे. माठाचा चौकोन निघाला, चपलांचा निघाला. पायपुसण्याचा तिने स्वतः काढला, मला हात लावू दिला नाही. टाकी आता ओट्याखाली असते. खिडकीखाली ससे पसरतात, आडवे, पाय ताणून, जसे तुम्ही रविवारी पसरायचात. तुमची लाल कार्डं मात्र मी वापरतो, कपाटात गठ्ठाच होता. सशाला एकाच खेळण्याचा कंटाळा येतो, म्हणून जे खेळणं ससे शिवेनासे होतात त्याला कार्ड बांधून आठवडाभर वर ठेवतो आणि मग पुन्हा खाली आणतो. नव्यासारखं खेळतात. तुमच्या कार्डावर परत आणण्याचा रकाना नव्हता. तो मी प्रत्येकावर हाताने आखला.

हे पत्र कुठे पाठवायचं, तुम्हीच सांगा. तुमच्या चितेवर टाकायलाही मी नव्हतो. सगळं पेन्सिलीनं लिहिलंय, शाई सशाला बरी नाही. उद्या याच्या पट्ट्या फाडून खोक्यात घालीन, तळाशी कोथिंबीर.

एक सांगायचं राहिलं. चाकणकडे ऑर्डर असली की मी निघोजेवरून जातो. त्या म्हाताऱ्यांकडे अजून शेळ्या आहेत, त्या वेळच्या शेळीचीच पुढची पिढी. मी दोन कडी जास्तीची केलेली असतात. गाडी थांबवतो, कुंपणावरून आत टाकतो. म्हातारे ओट्यावरून ओरडतात, "बापासारखाच आलास का रं, शनवार धरून?" मी हॉर्न वाजवून निघतो. खरंच शनिवार असतो. तो मी ठरवलेला नाही.