पळणारीभोवती एक फेरी

प्रिय चिमणे,

बाबांच्या पलंगाशेजारी बसून लिहितेय. फोनवर माझा आवाज दगा देतो आणि तू लगेच विषय बदलतेस, म्हणून कागदच घेतला. बाबा तसेच आहेत. यंत्र श्वास देतं, छाती वरखाली होते. डॉक्टर म्हणतात, आता यातून काही परत यायचं नाही, यंत्र थांबवा. तू म्हणतेस, थांबवू नका. मधे मी. दगडाखाली हात सापडणं म्हणतात ते हेच, आणि तेही सगळा जन्म दगडांत काढलेल्या बाईला आता कळतंय.

काल संग्रहालयात गेले होते, बाबा जिथे पुतळे दुरुस्त करायचे त्या खोलीची किल्ली परत करायला. तिथला नवा मुलगा म्हणाला, राहू द्या की, ते येतीलच. मी हो म्हटलं. येताना पळणारीपाशी थांबले. तोच आपला संगमरवरी पुतळा, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या बरोक शैलीतला: बाई मुलाला छातीशी धरून आगीतून पळतेय. एक टाच वर, तोंड अर्धवट उघडं, अंगावरचं वस्त्र मागे फडफडतंय. मी तिथे लोकांना पुतळे दाखवायची तेव्हा ते समोर उभे राहून छान छान म्हणायचे, आणि मी त्यांना म्हणायची, असं खांबासारखं उभं राहू नका, फिरा! मागून नुसतं कापड दिसतं, बाजूला आलात की टाच उचलते, आणि समोर पोहोचेपर्यंत किंकाळी तिच्या ओठांवर आलेली असते. केसांमध्ये खोल भोकं पाडलीत, तिथे सावली साचते. गालाला झिलई आहे, तिथे उजेड घसरतो. तू चालतेस तसा तो उजेड सरकतो, आणि दगड पळतो.

हे सगळं बाबांनीच मला शिकवलं. लग्नानंतर ते मला पहिल्यांदा तिथेच घेऊन गेले होते. मी म्हटलं, इतकं जड कापड हवेत उडतं कसं? तर म्हणाले, उडत नाहीये, तेच तिला उभं धरतंय. ते काढलं तर ही बाई घोट्यातून मोडून पडेल. मला तेव्हा हसू आलं होतं. दगडाला पळायला लावणारा हा माणूस घरात पाण्याचा पेला म्हणून हलवायचा नाही, आठवतं ना? तहान लागली की बसल्या जागेवरून मला हाका मारायचा. आज वाटतं, एकदा तरी हाक मारा हो, दहा पेले आणून देते.

काका रोज येतात. दारातूनच मोठ्याने विचारतात, काय म्हणतोय आमचा आळशी? आणि मग बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. मला कुणाची समजूत घालायची ताकद उरलेली नाही. मी सकाळी बाबांची दाढी करते, पायांना तेल लावते, खिडकीचा पडदा सरकवते. मग काय करायचं ते सुचत नाही.

आता जे सांगायचंय ते सांगते. त्या दिवशी मी तुला ओरडून सांगितलं ना, बाबा हलले, त्यांनी माझ्याकडे मान वळवली? तू रडलीस, डॉक्टरांशी भांडलीस, काकांनी सगळ्यांना कळवलं. चिमणे, तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याकडून खिडकीकडे चालत होते. आज दुपारभर मी स्टुलावर बसून राहिले, नजर त्यांच्या चेहऱ्यावर. काहीही नाही. मग उठले आणि पलंगाभोवती फिरले. खिडकीचा उजेड गालावरून सरकला आणि ते वळले माझ्याकडे, अगदी तसेच. मी थांबले, ते थांबले. परत फिरले. किती वेळा फिरले ते सांगत नाही, नर्सबाईंनी हाताला धरून बसवलं मला. ते हलले नव्हते गं. मीच हलत होते. डॉक्टरांना मी यंत्र थांबवायला हो म्हणणार आहे, पण तू आल्याशिवाय नाही. तुला मी खोटी आशा लावली, तिचा राग आला असेल तर इथे येऊन रागाव. फक्त ये. मला एकटीला त्यांचा हात सोडवत नाहीये.

तुझीच,
आई