गाळाचा प्रश्न आणि मी

४ मार्च
आजपासून रोजनिशी. थोरांच्या रोजनिश्या त्यांच्या पश्चात छापतात. ही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही, तरी अक्षर जरा नीट काढतो आहे.

आमच्या पक्षाच्या प्रतोदांनी बोलावून घेतलं. बंदर खात्यावर चर्चा आहे, त्यात चार मिनिटं मला. निवडून आल्यापासून सभागृहात तोंड उघडायची ही पहिलीच वेळ. इतके दिवस मला दाबून ठेवलं, शेवटी आलेच ना वळणावर! प्रतोद म्हणाले, दुसरं कुणी तयार नव्हतं. या माणसाला कौतुक करायची पद्धतच माहीत नाही.

विषय: आमच्या बंदराच्या तोंडाशी साचलेला गाळ. ओहोटीला बोटी टेकतात, आडवी लाट आली की कलंडतात. मागच्या मोसमात दोन माणसं गेली. गाळ उपसायचं सरकारी जहाज एकच, आणि यंदा ते एकाच बंदरात जाणार. ते आमच्याकडे आणायचं. हातचा मळ आहे.

संकल्प: रोज सकाळी आरशासमोर सराव.

५ मार्च
आरशावर पाण्याचे डाग. खासदार निवासाच्या नळाला पाणीच तसलं येतं. लेखी तक्रार केली. सराव नाही.

७ मार्च
सौ.चा फोन. तिचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मेहुणे, बोटवाले. परवा त्यांची बोट पुन्हा गाळात टेकली, भरतीची वाट बघत रात्र काढली. मेहुण्यांनी निरोप दिलाय की जावईबापू बोलतील त्या दिवशी सगळ्या बोटी बंद, जाळ्यांच्या शेडमध्ये टीव्ही लावून बसणार आहोत. बायकासुद्धा येणार. जबाबदारी वाढली. नवीन जाकीट शिवायला टाकलं.

१० मार्च
भाषणाचा आराखडा तयार. प्रथम आभार. मग मानवजात आणि समुद्र. मग माझं बालपण. गाळ अगदी शेवटी, कळस म्हणून. कुणीही उठून पहिल्याच वाक्यात गाळ म्हणेल. त्याला खासदार कशाला हवा?

पीएला वाचून दाखवलं. वा साहेब म्हणाला. मध्ये ठसका लागला, तेव्हाही वा साहेब म्हणाला. बदलायला हवा हा. पण दाद देण्याची वेळ बरोबर साधतो.

१३ मार्च
चार मिनिटांत बसवायचं म्हणून घड्याळ लावून वाचलं. अकरा मिनिटं झाली. घड्याळ पुढे पळतंय बहुतेक. दुरुस्तीला दिलं.

संध्याकाळी सभागृहात शेजारच्या मतदारसंघाच्या बाईंचं भाषण ऐकलं. त्यांचं बंदर आमच्याच किनाऱ्यावर, जरा खाली. याला भाषण म्हणायचं तरी कसं? उठल्या, दोन वाक्यं बोलल्या, बसल्या. फोनवर गॅसचा नंबर लावावा तसं. ना चढ, ना उतार. लोक यांना निवडून देतात! वर त्या निघताना मला म्हणाल्या, तुमचं भाषण आहे ना, मी थांबणार आहे ऐकायला. चला, निदान ऐकायची तरी हौस आहे.

१६ मार्च
आवाज बसला. सरावाचा ताण. (सराव अजून सुरू केलेला नाही, पण मनात चालूच असतो.) सौ. म्हणाली, गरम पाणी प्या आणि थोडक्यात बोला. या बाईला वक्तृत्वातलं काय कळतं? गरम पाणी प्यायलो.

१८ मार्च, दुपारी
बोललो!

सगळं तपशीलवार लिहून ठेवतो. सभागृहात मोजकी टाळकी, त्यातली निम्मी पेंगत. समोर बंदरमंत्री, कान खाजवत. मी संथ लयीत सुरुवात केली. अध्यक्षांचे आभार, पक्षाध्यक्षांचे, मतदारांचे, मातोश्रींचे. मग समुद्र. काय आवाज लागला होता! एक पेंगणारा तर जागाही झाला. 'आणि या अथांग सागराच्या कुशीत माझं एक चिमुकलं बंदर', इथपर्यंत आलो आणि शेजारच्या बाई उठल्या. म्हणाल्या, सन्माननीय सदस्य फार छान बोलत आहेत, मला क्षणभर जागा देतील का?

इथे अशी रीत आहे. मध्येच कुणी विनंती केली आणि बोलणारा खाली बसला, की दुसऱ्याला बोलायला मिळतं. बसायचं की नाही, ही बोलणाऱ्याची मर्जी. सामान्य सदस्य बसत नाहीत. थोर संसदपटू बसतात, मी जुन्या चित्रफिती पाहिल्या आहेत. मान किंचित झुकवायची, उजवा हात पुढे करायचा, चेहऱ्यावर हलकं स्मित. बसलो. फार छान बसलो.

बाई म्हणाल्या, माझ्या बंदरात गाळ साचलाय, जहाज आमच्याकडे पाठवाल का? मंत्री म्हणाले, कुठून तरी मागणी येण्याचीच वाट बघत होतो, पाठवतो. बाई बसल्या. मी जाकीट सारखं करत उठलो आणि घंटा वाजली. जागा दिली तरी घड्याळ म्हणे आपल्याच नावावर चालू राहतं! हे मला कुणी सांगायला नको? नवीन सदस्यांच्या वर्गात सांगितलं होतं म्हणतात. त्या वर्गाला मी गेलो नव्हतो, तो नवख्यांसाठी होता.

माइक बंद झाला. गाळ हा शब्द तेवढा राहून गेला. पण मी त्याच दिशेने निघालो होतो, हे कुणाही सुज्ञ माणसाला कळलं असेल.

१८ मार्च, संध्याकाळी
सौ.चा फोन. शेडमध्ये सगळ्यांनी पाहिलं. मी बसलो तेव्हा मेहुण्यांना वाटलं मला चक्कर आली. ते उठून उभे राहिले म्हणे, आणि टीव्हीकडे बघून ओरडले, अहो पाणी द्या कुणीतरी त्यांना. मग बाई बोलायला लागल्या, मग मंत्री, आणि मग शेडमध्ये कुणीतरी टीव्ही बंद केला. सौ. म्हणाली, तुम्ही का बसलात? मी रीत समजावून सांगितली. फोन कट झाला. तिकडे रेंजचा फार त्रास आहे.

१९ मार्च
वर्तमानपत्रात बाईंचा फोटो. माझा नाही. फोटोच्या कडेला एक कोपर दिसतं, जाकिटावरून ते माझंच आहे.

शांतपणे विचार केला. मी बसलो नसतो तर बाई बोलल्या असत्या का? नाही. मग जहाज किनाऱ्यावर आणलं कुणी? हे लोकांना नीट पटवून द्यायला हवं. कात्रण काढून ठेवलं.

२४ मार्च
बंदरमंत्र्यांना भेटलो. ठणकावून सांगायचं ठरवूनच गेलो होतो. आत शिरताच ते उठून उभे राहिले, म्हणाले, या, या! स्वतःची मागणी बाजूला ठेवून शेजाऱ्याला जागा देणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. चहा मागवला. खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आले. अत्यंत मोकळा माणूस. आमच्या विरुद्ध पक्षात फुकट गेला.

परत आल्यावर लक्षात आलं, गाळाचं बोलायचं राहिलं. पण संबंध जुळले, हे महत्त्वाचं.

९ एप्रिल
आमच्या बंदराच्या तोंडाशी काल मेहुण्यांची बोट कलंडली. गाळावर टेकली, आणि मागून लाट आली. खलाशी पोहून बाहेर आले. मेहुण्यांचा हात बोट आणि दगडांच्या मध्ये सापडला. दोन ठिकाणी मोडलाय.

वाईट वाटलं. खरंच फार वाटलं. भरतीची थोडी वाट बघायला हवी होती त्यांनी. सौ.ला तसं म्हणालो. तिने फोन ठेवला. या वेळी रेंज चांगली होती.

२ मे
मतदारसंघात आलो. 'श्रेय कुणाचं?' या विषयावर धक्क्यावर सभा ठेवली होती. मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर. पीए, मंडपवाला आणि एक कुत्रं. धक्का मोकळा. चौकशी केली तर बहुतेक बोटवाले आठवड्यापूर्वीच बाईंच्या बंदरात गेले. तिकडे गाळ उपसून झालाय, ओहोटीलाही बोट आत येते. कुटुंबंही हळूहळू निघाली आहेत.

पीए म्हणाला, सभा छोटी पण निवडक होती. याला खरंच काढणार आहे.

१५ मे
मेहुणे घरी आले. हात अजून गळ्यात. मी श्रेयाचा मुद्दा काढणार होतो, पण सौ. समोरच बसली होती. मेहुणे खाली बघून बोलले. बोट दुरुस्त झालीय, पण इथून काढायची हिंमत होत नाही. तिकडे धक्क्यावर आता जागा नाही, सगळ्या किनाऱ्याच्या बोटी तिकडेच. जागा ठरवणाऱ्या समितीवर बाई आहेत. जावईबापूंनी शब्द टाकला तर बघा. मी म्हणालो, बाई माझ्या उपकाराखाली आहेत, एका फोनवर काम होईल.

फोन केला. त्यांच्या कार्यालयातून सांगितलं, गुरुवारी या, सगळ्यांसारखे.

२१ मे
बाईंचं कार्यालय. व्हरांड्यात लांब बाकं, त्यावर लोक, डोक्यावर करकरणारा पंखा. मी खासदार आहे असं दारावरच्या माणसाला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, असाल, ओळीत या. बाकावर आमच्याच बंदरातून गेलेले दोघे होते. त्यांनी सरकून जागा केली. एक म्हणाला, बसा साहेब, तुम्ही छान बसता. दुसरा हसला. मेहुणे हसले नाहीत. मी उभाच राहिलो.

मनात सुरुवात जुळवत होतो. दोन शेजारी मतदारसंघांचा जिव्हाळा, समुद्राला सीमा नसतात वगैरे. आत बोलावलं. टेबलावर कागदांचा ढीग, बाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, बोला. मी तोंड उघडलं. मेहुणे शेजारी उभे होते. गळ्यातला हात दुसऱ्या हाताने धरून. ते बाईंकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, यांची बोट आहे, आमच्याकडे गाळात माणसं मरतात, इथे जागा द्या.

बाई म्हणाल्या, दिली. आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

येताना गाडीत मेहुणे खिडकीशी बसले होते. आमचं बंदर दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, जावईबापू, तुम्हाला येतं की बोलायला.