रुखमाच्या यंत्राला रंग लावल्याबाबत

चामोर्शी,
१२ फेब्रुवारी २००७

चिरंजीव चंदन यास भाऊजींचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघंही ठीक. तू नागपुरात वेळेवर जेवतोस का, असं तुझी बहीण विचारते. (म्हणजे असं विचारत असावी. डोळे मोठे करून तिनं पत्राकडे बोट दाखवलं, बाकी माझा अंदाज. अंदाजावर आलो, कारण तू दिलेलं यंत्र नागपूरला निघालेल्या झिंगूच्या हाती परत पाठवत आहे.)

दिवाळीत रुखमाला लकवा झाला, उजवा हात आणि वाचा गेली, तेव्हापासून ती स्टीलचा गिलास खाटेवर आपटून बोलत होती. एकदा आपटला की पाणी, दोनदा की चहा, आणि सारखा आपटत राहिली की मी काहीतरी चुकलो. मग तू तुझ्या हापिसात बनवलेलं ते हाताएवढं यंत्र आणलंस. पडद्यावर बोटाएवढी मोठी बटणं, डाव्या हातानं दाबली की वर मराठी अक्षरं. पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं, ‘दाढी करा. टरपेंटाइनचा वास येऊन राह्यला.’ खरं सांगतो चंदन, मला रडू आलं. (दाढीही केली.) बोललेलं ऐकू आलं नाही म्हणता येतं, पण मी तीस वर्षांचा पेंटर, लिहिलेलं वाचता आलं नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू? घरात पुन्हा बाईमाणूस बोलायला लागलं, माझं फार चांगलं चाललं होतं.

आता गुन्हा सांगतो. तुझी बटणं मोठी, पण त्यांवरची अक्षरं करड्या रंगाची, आजारी माणसासारखी बारीक. ती डोळे बारीक करून शोधायची, ते मला पाहवत नव्हतं. परवा दुपारी ती लिहिता लिहिता झोपली. मी शून्य नंबरचा ब्रश काढला आणि पडद्याच्या काचेवरच प्रत्येक अक्षरावर काळ्या ऑइल पेंटनं अक्षर चढवलं. त्याला पिवळी सावली दिली. ‘ज्ञ’ असा उतरला की तसा ग्रामपंचायतीच्या बोर्डावरही उतरला नव्हता. काम झालं की उजव्या कोपऱ्यात खाली नाव टाकायचं, ही आमच्या धंद्याची रीत. हात आपोआप तिकडे गेला. ‘मुखरू आर्ट’, जाड अक्षरात, खाली रेघ. शेजारची बायनाबाई डोकावून म्हणाली, “हा कोन्या दुकानाचा बोर्ड होय जी, मुखरूभाऊ?”

रुखमा उठली, तिनं एक बटण दाबलं, आणि आतला कीबोर्ड बदलून अंकांचा झाला. मला काय माहीत तो पानं बदलतो म्हणून! माझा बोर्ड एकदा रंगवला की पोळ्यापासून पोळ्यापर्यंत तोच असतो. वर माझी अक्षरं, खाली त्याचे अंक. तिनं ‘च’ दाबला, ४ आला. ‘ह’ दाबला, ९ आला. अक्षरांकडे परत जायचं बटण आणि पुसायचं बटण उजव्या कोपऱ्यात होतं, तिनं बोट ठेवून दाखवलं. तिथे जाड रंगात मी आहे. काच दाबून दाबून तिचं बोट काळं झालं. मग तिनं यंत्र खाली ठेवलं आणि गिलास घेतला. सारखा आपटत राहिली.

तर रंग काढून दे. अक्षरं मोठी आणि काळी आतूनच करता आली तर बघ, माझं म्हणणं तेवढं चुकीचं नव्हतं. कळावे.

तुझा,
मुखरू

ता. क. ‘ज्ञ’ पुसायच्या आधी एकदा पाहून घे.

ता. क. २. घाई नाही असं लिहिणार होतो, पण आहे. झोप लागण्याआधी तिनं जे लिहिलं होतं ते अर्धंच राहिलं: ‘बावीस वर्सं सांगाचं राहून गेलं, तुमी’. एवढंच. (लग्नालाही बावीसच झाली.) यंत्र बंद पडून ते पुसलं जाऊ नये म्हणून मी ते एका पत्र्यावर रंगवून घेतलं आहे आणि पुढे जागा सोडली आहे. किती सोडावी ते कळेना, म्हणून पत्रा मोठा घेतला. तक्रार आहे का, म्हणून विचारलं. तिनं मान हलवली, नाही. तक्रार असती तर यंत्र परत येईपर्यंत मी निवांत थांबलो असतो.