फोनमागचं मशीन

दाजी,

‘आदरणीय’ लिहायला हात धजत नाही, तेवढं समजून घ्या. परदेशात माणसं पोचवायचा तुमचा धंदा, त्यात पोटच्या पोरीलाही सोडलं नाहीत! लेक तिकडे ऑफिसात खुर्चीवर बसते, असं चारचौघांत सांगत सुटलात. परवा तिचा फोन आला. “मामा, मी मजेत आहे,” म्हणाली. मागे ओव्हरलॉक मशीन धडधडत होतं. शिवणकामाच्या कारखान्यात केस पिकले माझे. तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

“पासपोर्ट कुणाकडे आहे गं?” मी विचारलं.

पोर हळूच म्हणाली, “मालकाकडे. बाबांना बोलू नका हं, त्यांची अब्रू जाईल.”

अब्रू! तिचा फोटो दाखवून तुम्ही आणखी पोरी गळाला लावताय. त्यांच्या आयांसमोर तिलाच उभी करतो, मग बघू तुमची जीभ किती चालते.

हे पत्र मात्र टाकणार नाही. वाचलंत की आधी त्या मालकाला सावध कराल, आणि तो पोरीला दुसरीकडे हलवेल. माझं तिकडचं तिकीट निघालंय. तिचा हात माझ्या हातात येईपर्यंत मारा खुशाल फुशारक्या.

तुमचा मेहुणा नंतर,
आधी तिचा मामा