न्यूनेनचा माणूसलांडगा

२८ जानेवारी २०२१. सकाळी ११.१०

आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. योगिनी रडली.

आजवर तिला फक्त हसताना पाहिलं होतं, तेही बहुतेक माझ्यावर. आज मारेयकेबाईंच्या कुंपणाला टेकून ढसाढसा रडत होती. आत मेंढी मरून पडलेली. मानेला भोकं, मागची मांडी फाडलेली, खाल्लेली मात्र जवळजवळ नाहीच. मारेयकेबाई योगिनीची घरमालकीण, मेंढ्यांचीही. योगिनी पीएचडी सांभाळून मेंढ्या सांभाळते. लॉकडाउनमध्ये लोक घरी ब्रेड भाजायला लागले, ही मेंढ्यांना मराठी नावं ठेवायला लागली. मेली ती गोदी. ठकी वाचली. ठकी गाभण आहे.

जागच्या जागी शब्द दिला. मारणाऱ्याला शोधेन, पुराव्यासकट. आणि ठकीच्या केसाला धक्का लागू देणार नाही. ती नाक पुसत म्हणाली, अरे यश, तू आधी तुझी ती असाइनमेंट... मग तिला आठवलं की मी कॉलेज सोडलंय. गप्प झाली.

गप्प कशाला व्हायचं? सोडलं तर सोडलं! कॅमेरा ऑन कर म्हणून अख्ख्या वर्गादेखत खेकसणाऱ्या माणसाकडून मला स्टॅटिस्टिक्स शिकायचंच नव्हतं.

दुपारी ३

न्यूनेन या डच गावात ताईच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहतो. तात्पुरता. आठ महिने झाले.

जेवताना केस मांडली. भावोजी मीटिंगमध्ये, म्यूटवर. घास गिळत म्हणाले, लांडगा असेल, हल्ली जर्मनीतून येतात. मी म्हटलं, लांडगा खायला मारतो, यानं खाल्लेलं नाही. भावोजी म्हणाले, मग कुत्रा.

कुत्रा! जुन्नरच्या माणसाला सांगतायत. आमच्याकडे उसात बिबटे पिल्लं घालतात. नारायणगावला पिंजऱ्यात धरलेला बिबट्या मी स्वतः पाहिलाय. गर्दी होती, पण शेपूट स्पष्ट दिसलं. भावोजी मुलुंडचे. यांनी काय पाहिलंय, कबुतरं.

ताई म्हणाली, तपास नंतर कर शेरलॉक, आधी कचऱ्याचा डबा बाहेर ठेव. ठेवला नाही.

रात्री १०.३०

पहिली गस्त. नऊनंतर कर्फ्यू, बाहेर पडायचं तर सोबत कुत्रा लागतो. काय सरकार आहे! माणसाला बाहेर फिरायला कुत्र्याचं रेकमेंडेशन. म्हणून गेल्या रविवारपासून शेजारच्या विलेमआजोबांच्या यापला मीच फिरवतो. आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन करोनामुळे लांबलंय. याप म्हणजे तपकिरी, केसाळ, वासराएवढा, स्वभावाने गाय. आजोबांची अट एकच, पट्टा सोडायचा नाही. सरकारचीही तीच. पण माग काढायचा तर कुत्रा मोकळा हवा, हे त्या दोघांना कोण समजावणार?

तसा कालही मोकळाच होता. मी मेंढ्यांच्या कुरणाजवळच्या बाकावर योगिनीला मेसेज लिहीत बसलो होतो, पाऊण तास तो कुठे कुठे हिंडून आपण होऊन परत आला. धापा टाकत. अत्यंत इमानी जनावर. मेसेज पाठवला नाही.

डाव्या बुटात पाणी शिरतं. टाच आडवी चिरलीय. दुकानं बंद. सगळा देशच बंद.

३१ जानेवारी

संकल्प. एक, रागावर ताबा. दोन, डच रोज अर्धा तास. तीन, योगिनीचं लास्ट सीन दिवसातून दोनदाच बघायचं.

सरकारी माणूस गोदीच्या जखमेतून कापसाच्या काड्या फिरवून घेऊन गेला होता, त्याला फोन केला. डीएनएचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागतील म्हणाला. आठवडे! तोवर तो प्राणी काय होम क्वारंटाइन राहणार आहे? माणसानं विचारलं, आपण कोण. म्हटलं, स्वतंत्र तपासनीस. त्यानं फोन ठेवला.

पहिला संकल्प उद्यापासून.

७ फेब्रुवारी. सकाळी ९

बर्फ! काल संध्याकाळी पडलं. आणि दुसरी मेंढी गेली. काळी, तिचं नाव काशी.

पण या वेळी ठसे आहेत. जसं दिसलं तसं लिहितो.

रस्त्याकडून बाकापर्यंत दोन रांगा, बूट आणि पंजे, शेजारी शेजारी. बाकाशी बूट संपतात. तिथून कुंपणापर्यंत फक्त पंजे. कुंपणाकडून परत बाकाशी पंजे, आणि तिथून पुन्हा बूट सुरू.

म्हणजे माणूस येतो, बाकाशी बसतो, जनावर होतो, मेंढी मारतो, परत माणूस होऊन घरी जातो.

रात्री मी स्वतः त्याच बाकावर होतो, साडेनऊ ते सव्वादहा! तो अंधारात मी उठायची वाट बघत असणार. अंगावर काटा आला. माझे ठसे कुठेच नाहीत, म्हणजे ते नंतरच्या बर्फाने बुजले. त्याचे नाही बुजले. हेही नोंद घेण्यासारखं.

पंजाला नखं उमटलीयत. जुन्नरला शेंबडं पोरही सांगेल, नखं दिसली की कुत्र्याची जात. पण तिथे बर्फ कुठे पडतो? बर्फात ग्रिपसाठी कोणीही नखं बाहेर काढेल.

डाव्या बुटाच्या टाचेत आडवी चीर आहे. फोटो काढले. माप बेचाळीस.

माझंही बेचाळीसच. मला अडकवण्याचा डाव दिसतो.

८ फेब्रुवारी

याप परत करताना विलेमआजोबांना विचारलं, या भागात माणसाचं जनावर होतं का? हसले नाहीत. या देशात न हसणारा हा एकच माणूस. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, लहानपणी आजी सांगायची, एक शेतमजूर होता, दिवसा देवमाणूस. दोष त्याच्यात नव्हताच, कमरेच्या पट्ट्यात होता. पट्ट्याला हात लागला की लांडगा. गावानं त्याला कसं ओळखलं? तर म्हणे त्यानं स्वतःच येऊन सांगितलं. मेंढ्यांची दया आली त्याला.

शेवट फुसका आहे. फाइलमध्ये घेतला नाही.

आजोबा काळजीत. याप दोन दिवस खात नाही, नुसता झोपतो. म्हटलं, बर्फामुळे. त्याच्या गळ्याखाली काहीतरी लाल वाळलं होतं, मी ओल्या टिश्यूने पुसलं. नखाबिखाने खरवडलं असेल. माणसांना स्वतःची कुत्रीही सांभाळता येत नाहीत.

१४ फेब्रुवारी

आज तिला गुलाब द्यायचा होता. फाइल दिली. चौदा पानं, नकाशा, ठशांचे फोटो, हल्ल्यांच्या तारखा, शेजारी माझ्या गस्तीच्या वेळा. मुखपृष्ठावर नाव, न्यूनेनचा माणूसलांडगा.

गोठ्याच्या दारात उभी राहून वाचली. मी दीड मीटरवर. आधी हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, अरे, मी तुला ओळखते तेव्हापासून तू पूर्ण केलेली ही पहिली गोष्ट आहे. नीट लिहिलंयस. मग म्हणाली, ठकीला वाचव रे बाबा, बाकी मला काही नको.

बाकी मला काही नको! किती वेळा लिहिलं तरी पुरत नाही.

तेवढ्यात सुबोध आला. शेजारच्या बेस्ट नावाच्या गावचा, इंजिनिअर, गाडीवाला. हातात विजेच्या कुंपणाची बॅटरी. म्हणाला, वायर पुढच्या शनिवारी येईल, रविवारी बसवून टाकू. फाइल चाळली, म्हणाला, भारी आहे, पण कुत्रा असेल ना रे? योगिनीनं त्याला चहा दिला. मला नाही. मी नको म्हणालो असतो, पण विचारायला काय झालं?

सुबोधचे बूट साधारण बेचाळीसचे वाटले.

२० फेब्रुवारी. संध्याकाळी ७

गेल्या आठवड्यात बर्फ, आज लोक टी-शर्टवर. या हवेला चारित्र्य नाही.

सुबोध वायर घेऊन आला. मी सरळ मुद्द्याला हात घातला. म्हटलं, डावा बूट काढ. त्यानं विचारलं, का? म्हटलं, निर्दोष असशील तर काढशील. योगिनी म्हणाली, यश, काय चाललंय? मारेयकेबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांना वाटलं, आमच्यात देवळात गेल्यासारखं गोठ्याबाहेरही बूट काढतात. त्यांनीही काढले.

सुबोधनं शांतपणे बूट काढून उलटा धरला. टाच अखंड. मग म्हणाला, आता तुझा दाखव.

मी दाखवला नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तपास करणाऱ्याचा तपास करायला लागलं की न्यायव्यवस्थाच उरत नाही. तसं बोललोही. जरा मोठ्याने. बॅटरीलाही बहुतेक लाथ बसली. योगिनी म्हणाली, तू जा आता. नुसतं एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी. रात्री ११

रात्रभर पहारा द्यायचं ठरवलं होतं, पण आता झोपतो. यापला घेऊन गेलो. बाकावर बसून योगिनीला माफीचा मेसेज लिहिला. मग माफी खोडून स्पष्टीकरण लिहिलं. मग स्पष्टीकरण खोडून सुबोधबद्दल लिहिलं. एक तास गेला. पाठवला नाही.

याप उशिरा आला. येईना म्हणून तीन वेळा शीळ घालावी लागली.

२१ फेब्रुवारी

ठकी.

बातमी ताईनं दिली. कुंपण आज दुपारी बसवायचं होतं. पोटात दोन पिल्लं होती.

मी गेलो. योगिनी घोंगडी पांघरून गवतात बसली होती, ठकीचं डोकं मांडीवर. मी म्हटलं, सुबोधनं काल बसवली असती वायर तर... तिनं वर पाहिलं. मी वाक्य तिथेच सोडलं.

चूक त्या प्रशासनाची. रिपोर्ट अजून नाही. चूक मारेयकेबाईंची, त्यांचं कुंपण गुडघ्याएवढं. चूक माझी एवढीच की मी एकटा आहे. गस्त दुप्पट करणार. यापला आता दोनदा नेईन.

२६ फेब्रुवारी

योगिनी फोन उचलत नाही. आईचा आला. परीक्षा कधी म्हणाली. म्हटलं, चालू आहे.

कधी नाही तो कचऱ्याचा डबा आपण होऊन बाहेर ठेवला. चुकीच्या रंगाचा होता.

चार दिवस विलेमआजोबा यापला सोडत नाहीयेत. त्याची तब्येत बरी नाही म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, गुडघ्याकडे बघून. आणि चार दिवस एकाही मेंढीला काही झालेलं नाही. माणूसलांडगा सावध झालाय. माझी फाइल त्याच्या हाती लागली असणार.

११ मार्च. दुपारी

रिपोर्ट आला, सरकारी वेबसाइटवर. तिन्ही जखमांत कुत्रा. एकच कुत्रा.

भावोजींनी मोठ्याने वाचला. मी तयार होतो, म्हणालो, प्रयोगशाळेत माणूसलांडग्याचा सॅम्पल नसेल तर मशीन जवळचं काहीतरी सांगणारच. भावोजींनी लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी ५

विलेमआजोबा दाराशी आले होते, काठी टेकत. ताईशी बोलले. मी जिन्यात होतो.

वीस फेब्रुवारीच्या रात्री कोणीतरी यापला शेतात मोकळा पाहिला म्हणे. आजोबा म्हणाले, चूक माझी, मागचं फाटक मीच नीट लावत नसेन, वय झालं, आठवत नाही. हा पोरगा रोज रात्री थंडीत त्याला पट्ट्यावर फिरवून आणायचा आणि मी म्हातारा फाटक उघडं टाकायचो. त्याला सांगा, त्यानं वाईट वाटून घेऊ नये. सोमवारी नगरपालिकेचा माणूस यापला घेऊन जाणार. पंधरा दिवस स्वभाव तपासून, जगवायचा की इंजेक्शन देऊन झोपवायचा ते ते ठरवतील.

ताई म्हणाली, तुम्ही बसा ना, चहा टाकते. ते म्हणाले, नको, त्याला एकटं सोडवत नाही.

पायऱ्या उतरताना कठडा धरत होते.

११ मार्च. संध्याकाळी ७

योगिनीचा मेसेज. तीन आठवड्यांनी. एक अक्षर नाही, नुसता फोटो. माझ्याच फाइलचं सहावं पान, बर्फातली टाच. खाली माझ्याच अक्षरात, या बुटाचा मालक सापडला की केस संपली.

मग दुसरा फोटो. नववं पान. हल्ल्यांच्या तारखा आणि गस्तीच्या तारखा, शेजारी शेजारी. आखणी मीच केलेली, पट्टी धरून.

रात्रभरात उत्तर तयार करतो. बर्फ वितळण्यामुळे माप बदलू शकतं. चिरलेल्या टाचा या भागात शेकड्यांनी असतील.

१२ मार्च. सकाळी ७.४०

उत्तर तयार झालं नाही.

बूट उलटा केला. पाहिला. परत घातला, दुसरा जोड नाही.

आजोबांना सांगायचं फाटक बंदच होतं. पट्टा मी सोडायचो. ते म्हणतील, कशाला? काय सांगू, मेसेज लिहीत होतो? तोही कधी पाठवला नाही. कदाचित हेही सांगावं लागेल की यापला नेऊ नका, मला न्या. माझी चाचणी घ्या, पंधरा दिवस ठेवा, स्वभाव बघा.

मग मारेयकेबाईंकडे. दार योगिनी उघडेल. त्यांचं कुंपण गुडघ्याएवढंच होतं, हेही सांगायला हवं खरं तर.

नको. ते नको.

ताई खालून ओरडतेय, डबा आज हिरवा ठेव. ठेवतो जाता जाता.

बाहेर पाऊस आहे, डावा मोजा आत्ताच ओला वाटतोय. वही टेबलावर ठेवली. निघालो. दार ओढून घेतो, आपटत नाही.