पहाऱ्याची खुर्ची

मूरहेड, मिनेसोटा
१० जानेवारी १९९४

चि. व्हर्लिन यास आर्डिसताईचे अनेक आशीर्वाद.

तू भिंतीवरचा फोन उपटून ठेवलास म्हणून हे पत्र. तो वाजला की तू दचकून टेबलाखाली जाण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्यावर बोलत नाही. माजी सैनिकांच्या अपंगत्व भत्त्यासाठी तुला पुन्हा मनाच्या तपासणीला बोलावलंय, हे कळलं. मागच्या वेळी काय दिवे लावलेस, आठवतं ना? डॉक्टरने विचारलं, वाईट स्वप्नं पडतात का? तू म्हणालास, छे छे! आणि घरी येऊन माझ्यावरच फणफणलास, की त्याने एकदाच विचारलं! अरे, तो टेक्ससचा माणूस. आपल्याकडे कॉफीलासुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणतात, हे त्याला कसं कळावं? त्याने लिहून टाकलं, स्वप्नं नाहीत. जणू तू व्हिएतनामला सहलीला गेला होतास.

या खेपेला पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. दाढी करू नकोस, शर्टाला इस्त्री नको, आणि डॉक्टरसाठी खाऊ तर मुळीच नको. भत्ता मिळाला नाही तर तळ्याकाठचं घर विकून तुला माझ्या शिवणाच्या खोलीत राहावं लागेल. आमच्या रॉजरचं घोरणं भिंतीतून ऐकू येतं, तेव्हा नीट विचार कर. रविवारी चर्चमध्ये कॉफी पुढे आली की लगेच हो म्हणायचा सराव कर.

लोभ आहेच, पण या वेळी ऐकलंस तर वाढेल.
तुझी ताई

---

तळ्यावरून, १८ जानेवारी

ती. आर्डिसताईस व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, काळजी नसावी.

सराव केला. हल्वर्सनबाईंनी कॉफी विचारली, मी लगेच हो म्हणालो. बाईंची किटली हवेतच थबकली. हळूच विचारतात, कोणी गेलं का रे? संध्याकाळपर्यंत दारात सांत्वनाला आणलेल्या, बटाटे घालून भाजलेल्या हॉटडिशच्या भांड्यांची रांग लागली. बटाटे खाऊन कंटाळलोय. तुला एक भांडं पाठवू का?

माझं काही एवढं वाईट नाही गं. झोपतो की. पलंगावर नाही, दाराकडे तोंड केलेल्या खुर्चीत, बूट घालून. पलंग कुत्रीने घेतलाय. डेअरीत तो कंप्रेसर फुटला तेव्हा मुकादमाला टेबलाखाली ओढून मी त्याच्यावर पडलो आणि नोकरी गेली, हे सगळे सांगतात. मुकादमाला ओरखडासुद्धा आला नाही, हे कोणी सांगत नाही. जे परतलेच नाहीत त्यांच्यापुढे मी कुठल्या तोंडाने तक्रार करू?

तुझा लोभ असाच राहू दे, बोलणी थोडी कमी केलीस तरी चालेल.
व्हर्लिन

---

मूरहेड, २५ जानेवारी

चि. व्हर्लिन यास अनेक आशीर्वाद.

त्या खुर्चीचं मला आज कळतंय? इतकी वर्षं दर नाताळात शेजारी बसून डोकं खातोस माझं पत्त्यांत, आणि हे कधी बोलला नाहीस! मला लिहिलंस तेच तपासणीत सांग. मी गाडी घेऊन येते आणि बाहेर थांबते. हॉटडिश पाठवू नकोस, आमच्याकडेही तीच आहे.

तुझी, रागावलेली आणि घाबरलेलीही,
ताई

---

तळ्यावरून, ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल येताना गाडीत आपण सगळा वेळ बर्फातल्या मासेमारीवर बोललो. तू विचारलं नाहीस, म्हणून लिहितो.

दाढी केली होती, ते तू पाहिलंसच. बिस्किटांचा डबा कोटात होता, तो पाहिला नाहीस. या वेळी डॉक्टर बाई होत्या, त्याही बाहेरच्याच. झोप? ठीक आहे. स्वप्नं? तसं विशेष नाही. राग? छे. बाईंनी फाईल मिटली आणि जेवायला जायला कोट चढवला.

पण मग निरोप घ्यायची वेळ आली. आपल्याकडचा निरोप तुला ठाऊकच आहे, टोपी घालून दारात अर्धा तास. दाराच्या मुठीवर हात ठेवून थंडीचं झालं, रस्त्यांचं झालं, आणि मी म्हणालो, बाई, एक किरकोळ गोष्ट राहिली. व्हिएतनाममध्ये एका रात्री माझ्या तुकडीतला ऑरिन मला पहाऱ्यावरून सोडवायला येणार होता. येताना वाटेतच गेला. माझी पाळी संपली असं मला कोणी येऊन सांगितलंच नाही. म्हणून मी अजून दाराकडे बघत बसतो.

बाईंनी कोट काढला आणि मला बसा म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या. मी बसलो. मग सगळंच बाहेर आलं, फोन, डेअरी, तुझी शिवणाची खोलीसुद्धा. बाईंचं जेवण राहिलं, त्यांनी माझी बिस्किटं खाल्ली आणि लिहीत राहिल्या. निघताना म्हणाल्या, ती खोली ताईंना शिवायलाच राहू दे.

इकडे सर्व ठीक नाही, ताई. तसं बरेच दिवस नाही.
व्हर्लिन

---

मूरहेड, १५ फेब्रुवारी

चि. व्हर्लिन यास अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले. रॉजरने विचारलं तर कांदा म्हणाले. घरात कांदा नव्हता, पण त्याने शहाण्यासारखा रुमाल आणून दिला.

पुढच्या शुक्रवारी मी येऊ का? त्या खुर्चीत मी बसेन, विणकाम घेऊन, सकाळपर्यंत. तू कुत्रीला पलंगावरून हाकल आणि बूट काढून झोप. तुझी पाळी संपली, व्हर्लिन. हे सांगायला कुणीतरी यायलाच हवं होतं, ते मी येतेय. आणि बघ, एकदाच विचारते.

ताई

---

तळ्यावरून, १८ फेब्रुवारी

ती. ताईस,

हो. ये.

व्हर्लिन