केळ्यावरून राडा

मंगळवार, संध्याकाळ

भुलीला घाबरणाऱ्या बुऱ्हाणपूरकरांनो, डॉक्टर आपल्याला नुसतं दटावतात, का ते आधी कुणीच सांगत नाही! सकाळपासून हेच डोक्यात घणघणतंय.

उपाशी राहायला सांगितलं होतं, तरी हर्नियाच्या ऑपरेशनआधी दादाने केळं खाल्लं; म्हणाला, "उपासाले केळं चालते ना, भाऊ!"

डॉक्टर ओरडले, "अडाणी! भुलीत उलटी श्वासनलिकेत गेली असती, मेला असतास!"

ऑपरेशन रद्द. कसाबसा धीर धरून आलेल्या दादाने सलाईनचा स्टँड खिडकीवर हाणला, काचा उडाल्या. मग डॉक्टरांची गचांडी धरली. मी सोडवलं, पण मूठ माझीही वळली होती. एका केळ्यापायी!

दादा म्हणतो, "आता घरीच मरतो."

उद्या डॉक्टरांना ठणकावणार : दादाजवळ बसा आणि केळं का नको, ते समजावून सांगा.